पोरखेळाचीं साधनें : पडेगांवच्या वाटेवरून

औरंगाबाद शहराच्या, म्हणजे इ. स. २०२३ पासून ज्याचें अधिकृत नांव छत्रपति संभाजीनगर असें झालें आहे त्या शहराच्या, पश्चिमेस छावणी ओलांडून देवगिरीकडे निघालें म्हणजे सडकेवर पडेगांव लागतें. (नीरेकांठचें, उसाच्या संशोधनासाठीं प्रसिद्ध असलेलें पाडेगांव तें हें नव्हे.) पुढें मिटमिटा, शरणापूर व त्यानंतर दौलताबादचा किल्ला. इतिहासाच्या वाचकांस हा टापू नवा नाहीं. यादवांची राजधानी येथून हांकेच्या अंतरावर होती, इ. स. १२९६ त अल्लाउद्दीन येथें चालून आला, इ. स. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकानें दिल्लीची वस्ती इकडे आणली, इ. स. १६१० त मलिक अंबरानें शेजारींच खडकी वसविली. आणि पैठणचा एकनाथ लहानपणीं जनार्दनस्वामींच्या शोधार्थ देवगिरीस आला. या सर्वांच्या मागें शिलालेख, नाणें, तवारीख, निदान एखादी आख्यायिका तरी राहिली आहे. परंतु याच वाटेच्या धुळींत बसून ज्या पोरांनीं ज्वारीच्या धाटांची गाडी जोडली, खापर घांसून ठिकरी केली, विटी कोलून अंतर मोजलें, त्यांच्या मागें काय राहिलें ? प्रस्तुत लेखांत आम्ही एवढाच प्रश्न घेतला आहे.

प्रारंभींच एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण तो न केल्यामुळें या विषयावरील पुष्कळ लिखाण व्यर्थ गेलें आहे. मुलांसाठीं केलेलें खेळणें निराळें आणि मुलानें केलेलें खेळणें निराळें. पहिलें सुताराच्या, कुंभाराच्या, चिताऱ्याच्या इतिहासांत मोडतें. सावंतवाडीचीं लांकडी फळें किंवा नागपुराकडील तान्ह्या पोळ्याचे चाकांवरचे लांकडी नंदी हीं सुंदर आहेत, परंतु तीं मोठ्यांच्या हातचीं आहेत. आम्हांस पाहिजे आहे तें दुसऱ्या प्रकारचें.

वाङ्मयाकडे वळावें तर प्रथम मृच्छकटिक आठवतें, आणि नाटकाचें नांवच मातीच्या गाडीवरून पडल्यामुळें मोठी आशा वाटते. परंतु प्रसंग नीट पाहिला तर ती ओसरते. शेजाऱ्याच्या मुलाची सोन्याची गाडी पाहून चारुदत्ताचा मुलगा रोहसेन हट्ट धरतो, घरांत दारिद्र्य, म्हणून दासी त्याला मातीची गाडी देते, तो रडतो, आणि वसंतसेना आपले दागिने त्या गाडींत भरते. गाडी मुलाची असली तरी ती त्याला मिळालेली आहे, त्यानें केलेली नाहीं. उलट, मातीची गाडी त्याला कमी प्रतीची वाटते. स्वतः जोडलेल्या गाडीविषयीं मुलाला असें वाटत नाहीं, हें कोणत्याहि खेड्यांत दिसतें. नाटककाराला मुलाचें रडें ठाऊक होतें. त्याच्या हातांचें काम त्याला नाटकासाठीं लागलें नाहीं. कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्यानें इ. स. ११३० च्या सुमारास रचलेल्या मानसोल्लासांत क्रीडांची स्वतंत्र विंशति आहे, व तींत वाळूंतल्या खेळालाहि स्थान आहे. पण ती वालुकाक्रीडा राजाची व त्याच्या अंतःपुराची. त्याच वाळूंत राजवाड्याबाहेर कोणाचें पोर खोपा करून बसलें होतें कीं काय, हें सांगण्याचें सोमेश्वरास कारण नव्हतें.

वेरूळच्या शिल्पकारानें मात्र एक खूण ठेवली आहे असें आम्हांस वाटतें. चौदाव्या व एकविसाव्या लेण्यांत शिवपार्वतींच्या द्यूताचे मोठे शिल्पपट आहेत. वर देवांचा डाव रंगलेला, आणि खालच्या पट्टींत नंदीभोंवतीं बुटके, पोटाळ गण त्याच्या खोड्या काढीत आहेत. हे गण आहेत, मुलें नव्हेत, हें खरें. तरी ज्यानें ते कोरले त्यानें मोठ्यांचा पट मांडला असतां पोरें अंगणांत गाईवासरांशीं काय करतात तें डोळे भरून पाहिलें असलें पाहिजे. यापलीकडे या शिल्पावर भार घालणें बरें नाहीं.

आतां उत्खननांकडे येऊं. येथें अडचण उलटी आहे. तेथें ‘खेळणें’ हा शब्द फार सढळ हातानें वापरला जातो. मातीचा बैल निघाला कीं खेळणें, चाक निघालें कीं खेळण्यांतल्या गाडीचें चाक. प्रवरेकांठीं दायमाबाद येथें इ. स. १९७४ त सांपडलेलीं कांशाचीं शिल्पें पाहा : दोन बैलांचा रथ व तो हांकणारा उभा पुरुष, शिवाय हत्ती, गेंडा आणि रेडा. चाकांवर चालण्याजोगी रचना असल्यामुळें पुष्कळांस तीं खेळण्यांसारखीं वाटतात. पण चोहोंचें मिळून वजन सुमारें ६० किलो भरतें ! तें ओढीत नेणारें मूल आम्हांस तरी कल्पितां येत नाहीं; मिरवणुकींत किंवा पूजेंत त्यांचा उपयोग होत असावा, हेंच मत अधिक ग्राह्य दिसतें. घोडनदीकांठच्या इनामगांवीं कच्च्या मातीची स्त्रीमूर्ति व बैल मातीच्या पात्रासह घरांत सांपडले. पोराच्या हातचे वाटावे इतके ते ओबडधोबड. पण ठेवण्याची रीत देवतेची. उलट पैठण, तेर, नेवासें येथील सातवाहनकालीन पांढऱ्या मातीच्या पोकळ मूर्ति सांच्यांतून काढलेल्या, सफाईदार. त्यांपैकीं कांहीं मुलांच्या हातीं गेल्या असतील, परंतु मुलांच्या हातून झालेली त्यांत एकहि नाहीं. ओबडधोबडपणा ही बाल्याची खूण नव्हे आणि लहान आकार हीहि नव्हे. या दोन खुणांवर विसंबून केलेलें वर्गीकरण आम्ही तरी मान्य करूं शकत नाहीं.

मुलांविषयीं माया नव्हती म्हणून त्यांच्या वस्तु राहिल्या नाहींत, असेंहि कोणी समजूं नये. नेवासें व इनामगांव येथील ताम्रपाषाणयुगीन वस्त्यांत मेलेलीं लहान मुलें दोन कुंभांत, तोंडाला तोंड लावून, राहत्या घराच्या जमिनीखालींच पुरलेलीं आढळतात. ज्यांनीं मूल घराबाहेरहि जाऊं दिलें नाहीं, त्यांस तें काय खेळत होतें हें ठाऊक नव्हतें काय ? वस्तु राहिल्या नाहींत याचें कारण साधें आहे : त्या राहण्याजोग्या नव्हत्याच.

एक अपवाद मात्र आहे, व तो आमच्या मतें फार महत्त्वाचा आहे. दख्खनच्या पुष्कळ उत्खननांच्या अहवालांत ‘खापराच्या चकत्या’ या नांवाखालीं एक सदर असतें. फुटक्या भांड्याचा तुकडा घेऊन त्याच्या कडा ठेंचून अगर घांसून तो वाटोळा केलेला. कांहींना मध्यें भोंक, कांहींत भोंक पाडावयास घेतलें व अर्धवट सोडलें. यांचा उपयोग काय याविषयीं तर्क पुष्कळ : सोंगट्या, मडक्यांचीं झांकणें, अंग घांसण्याच्या वजऱ्या, सुताच्या चात्या, गाडीचीं चाकें. हे सर्व उपयोग होत असतीलहि. परंतु मराठवाड्यांतल्या कोणत्याहि गांवीं पोरी ठिकरी खेळावयास निघाल्या म्हणजे पहिलें काम काय करतात तें पाहावें. उकिरड्यावरून खापर उचलावयाचें, दगडानें हलक्या हातानें कोपरे उडवावयाचे, मग ओट्याच्या दगडावर थुंकी लावून कडा घांसावयाच्या. फार पातळ झालें तर घरांतून घरंगळतें, फार जाड तर पायानें सरकत नाहीं. पोरीला हें माप ठाऊक असतें. तयार झालेली ठिकरी आणि अहवालाच्या छायाचित्रांतली चकती शेजारीं ठेवली तर कोणती दोन हजार वर्षांची व कोणती परवांची हें खापराच्या जातीवरूनच ओळखावें लागेल, घडणीवरून नव्हे.

म्हणजे मुलाच्या हातची एक वस्तु जमिनींत टिकली आहे, आणि ती आपल्या संग्रहालयांच्या पेट्यांत शेंकड्यांनीं पडून आहे. प्रत्येक चकती मुलांचीच असें म्हणण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं. पण कडा ठेंचलेली कीं घांसलेली, झीज कडेवर कीं एकाच पाठीवर, चकती घराच्या आंत सांपडली कीं गल्लींत, एकटी कीं सात-आठांच्या जुडग्यांत, एवढें जरी अहवालांत नोंदलें गेलें तरी निवड करतां येईल. जमिनीवर सरकलेल्या ठिकरीची एक बाजू गुळगुळीत होते. लगोरीच्या चकत्या उतरत्या मापाच्या व एकत्र सांपडाव्या. चातीचें भोंक बरोबर मध्यें असतें. हें काम खर्चाचें नाहीं, फक्त वेळाचें आहे.

आतां टिकत नाहीं त्या वस्तूविषयीं. पडेगांवाकडच्या काळ्या-मुरमाड रानांत ज्वारीची काढणी झाली कीं कडब्याच्या गंजीभोंवतीं पोरें जमतात. वाळल्या धाटाची वरची साल दांतांनीं सोलून काढली म्हणजे लवचिक, कठीण पट्ट्या मिळतात, आणि आंतला पांढरा गाभा, ज्याला भेंड म्हणतात, तो मऊ व हलका राहतो. भेंडांत सालीची काडी टोंचली कीं घट्ट बसते. ना खिळा, ना सरस, ना दोरा. या एकाच युक्तीवर सर्व कारागिरी उभी आहे. भेंडाचे तुकडे म्हणजे सांधे, सालीच्या काड्या म्हणजे दांड्या. यांतून साट्याची चौकट होते, जूं होतें, भेंडाचे बैल होतात व त्यांना बाभळीच्या काट्यांचीं शिंगें येतात. ज्याला अधिक गति आहे तो मोट, औत, पाळणा, चष्मा व तराजूहि करतो. चाक मात्र भेंडाचें केलें तर लौकर दबतें, म्हणून हुशार पोरें तें ओल्या मातीचें करून वाळवितात. हे शिकविणारा कोणी नसतो; मोठे भाऊ करतात, धाकटे पाहतात. आणि या गाडीचें आयुष्य किती ? पहिल्या वळवाच्या सरीपर्यंत. तेंहि मध्यें शेळीनें बैल खाल्ले नाहींत तर.

ही सांध्याची युक्ति क्षुद्र समजूं नये. जर्मनींत बालोद्यानांचा प्रवर्तक फ्रोबेल यानें एकोणिसाव्या शतकांत भिजविलेले वाटाणे व टोंकदार काड्या यांचें जें साहित्य मुलांसाठीं योजिलें त्याचें तत्त्व अगदीं हेंच. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत अरविंद गुप्ता यांनीं सायकलच्या व्हॉल्व्हची रबरी नळी व आगपेटीच्या काड्या यांपासून घन, मनोरे व भूमितीच्या आकृति करावयास मुलांस शिकविलें. त्यांचें पुण्याच्या आयुकांतील बालविज्ञान केंद्रांतलें काम सर्वविश्रुत आहे व इ. स. २०१८ त त्यांस पद्मश्री मिळाली. फ्रोबेलाची कीर्ति झाली तें योग्यच झालें. पण मऊ गांठ आणि कठीण काडी यांचा मेळ गुराख्याच्या पोरानें कोणाहि शिक्षणशास्त्र्याची वाट न पाहतां घातलेला आहे, हें नोंदून ठेवणें इतिहासाच्या दृष्टीनें न्यायाचें होईल.

‘यांत शोध कसला ? पोर मोठ्यांची नक्कल करतें,’ असा आक्षेप विद्वानांकडूनहि ऐकूं येतो. नक्कल ती गाडीची. परंतु गाडी लांकूड-लोखंडाची असते आणि पोराजवळ लांकूड, लोखंड, हत्यार, पैसा यांपैकीं कांहींच नसतें. लोखंडी धाव नसतां चाक कसें करावें, वेसण नसतां बैल जुंवाला कसा ठरावा, हीं कोडीं त्याला सुताराकडून सुटून येत नाहींत. नक्कल संपते तेथें त्याचें डोकें सुरू होतें. जी वस्तु हातीं नाहीं तिच्या जागीं कोणती चालेल हें हुडकणें यालाच आम्ही शोध म्हणतों.

वस्तु एका हंगामांत मोडते, पण पोरांच्या तोंडचा शब्द शतकानुशतकें टिकतो, याचें एक आश्चर्यकारक उदाहरण विटीदांडूंत आहे. कोललेल्या विटीचे टोले पायावर, मुठीवर, डोळ्यावर विटी ठेवून मारतात व मोजतात. त्या मोजणीचे शब्द : वकट, लेंड, मूंड, नाल. पुढें गांवोगांव पाठभेद आहेत. कोठें आर येतो, कोठें झकू. हे शब्द मराठीच्या कोणत्याहि संख्यावाचकाशीं जुळत नाहींत, म्हणून ते निरर्थक असें पोरें समजतात आणि कोशकारहि पुष्कळदां तसेंच समजले. परंतु तेलुगूंत एकास ओकटि, दोहोंस रेंडु, तिहींस मूडु, चोहोंस नालुगु व सहांस आरु म्हणतात. साम्य योगायोगाचें नव्हे. शिवाय तेलुगूच्या जुन्या लेखनांत मूडु या शब्दांत अर्धानुस्वार होता; आपल्या पोरांच्या ‘मूंड’ मध्यें तो नाद अजून ऐकूं येतो. ‘रेंड’चें ‘लेंड’ कसें झालें याला ध्वनिशास्त्राचें कारण असेल. पण मराठी पोराच्या कानाला दुसरा शब्द ओळखीचा व हसूं आणणारा आहे, हेंहि एक कारण असूं शकेल.

आतां हे शब्द आले कोठून ? मराठवाड्यांतल्या माणसाला झटकन् सुचणारें उत्तर असें कीं, निजामी अमलांतून. हैदराबाद संस्थानांत इ. स. १७२४ पासून १९४८ पर्यंत तेलुगू, मराठी व कानडी मुलूख एका छत्राखालीं होते; औरंगाबादच्या छावणींत तेलंगी शिपाई, कामाठी, बाजारबुणगे असत; छावणीला लागून पडेगांव. दोरी किती सरळ जुळते ! आम्हांसहि प्रथम हेंच उत्तर रुचलें होतें. परंतु तें टिकत नाहीं. कारण हेच शब्द, थोड्या फरकानें, पुण्याकडे व कोंकणांतहि आहेत, जेथें निजामाचा अंमल बसला नाहीं. जो शब्द सबंध महाराष्ट्रभर आहे त्याचें कारण एका सुभ्यापुरतें असूं शकत नाहीं. मग दोन वाटा राहतात. एक, मराठी व तेलुगू या भाषांचा फार जुना शेजार, जेव्हां सातवाहनांचें राज्य पैठणापासून आंध्रापर्यंत पसरलें होतें. दुसरी, घरीं तेलुगू बोलणारे व दगडमातीच्या कामासाठीं महाराष्ट्रभर फिरणारे वडार. त्यांच्या पालांतलीं मुलें व गांवचीं मुलें एकाच मैदानांत खेळत. आमचा कल दुसरीकडे आहे. राजे शब्द लादतात ते दफ्तरांत. खेळांत शब्द जातो तो बरोबरीच्या पोराकडून. तरी हा कल आहे, सिद्धान्त नव्हे.

खेळाच्या प्राचीनतेची खालची मर्यादा संतवाङ्मय देतें. तुकोबांच्या गाथेंत हमामा, हुतूतू, टिपरी, फुगडी, चेंडूफळी, विटीदांडू अशा खेळांवर रूपकें आहेत, आणि नाथांनींहि फुगडी-पिंग्यासारखे खेळ आपल्या रचनांत घेतले. रूपक श्रोत्याला कळावें तर खेळ सर्वांच्या परिचयाचा पाहिजे; म्हणजे सतराव्या शतकाच्या पूर्वार्धांत विटीदांडू घरोघरचा होता. आतां हिशेब पाहा. मूल सहाव्या वर्षीं खेळ शिकतें व बाराव्या वर्षीं कामाला लागतें. खेळाची एक पिढी सहा वर्षांची. तुकोबांच्या निर्याणापासून, इ. स. १६५० पासून, आजवर अशा साठांहून अधिक पिढ्या झाल्या. बापानें मुलाला शिकविलेली विद्या एवढ्या अवधींत पंधरा हातांतून जाते. ही साठ हातांतून गेली. इंग्लंडांत आयोना व पीटर ओपी या दांपत्यानें इ. स. १९५९ त प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत दाखविलें कीं, पोरांचें वाङ्मय मोठ्यांकडून नव्हे तर पोरांकडून पोरांकडे जातें व मोठ्यांनीं टाकलेलें बरेंच कांहीं त्यांत शिल्लक राहतें. तिकडे ब्रूगेल या चित्रकारानें इ. स. १५६० त एकाच फळ्यावर ऐंशींहून अधिक खेळ रंगवून ठेवले असल्यामुळें त्यांस पडताळा घेतां येतो. आमच्याकडे असा ब्रूगेल झाला नाहीं. अनंत बाबाजी देवधर यांचें मराठी खेळांचें पुस्तक आणि बडोद्याहून निघालेला व्यायाम ज्ञानकोश यांनीं नियम व डाव चांगले नोंदले. पण पोरांच्या हातच्या वस्तूंची कृति त्यांच्या कक्षेबाहेर राहिली.

नव्या वस्तूंनीं ही विद्या मेली असें मात्र नाहीं. इ. स. १८७२ त कॉड या इंग्रजानें सोडावॉटरच्या बाटलीच्या गळ्यांत कांचेची गोळी बसविली. तिचा खरा उपयोग आमच्या पोरांनीं बाटली फोडून शोधला, आणि दगडाच्या गोट्या मागें पडल्या. इ. स. १९०० त मनमाडहून औरंगाबादेवरून हैदराबादेकडे आगगाडी सुरू झाली. तेव्हांपासून सदऱ्याचीं शेपटें धरून धांवणारी पोरांची गाडी गल्ल्यांतून सुरू आहे, तिला रूळ बदलावे लागले नाहींत. सायकलच्या रिंगा व टायर काठीनें पिटाळणें, डब्याच्या पत्र्याच्या मोटारी, आणि वाळूजला कारखाने आल्यानंतरच्या काळांत जुन्या बेअरिंगच्या चाकांवरची फळीची गाडी, हीं या टापूंतल्या उद्योगाच्या इतिहासाचीं प्रकरणेंच आहेत. आतां पोळ्याच्या मातीच्या बैलांशेजारीं मातीचा मोबाईल व मातीचें जेसीबी वाळत असलेलें दिसतें. इ. स. २०१८ च्या कचऱ्याच्या प्रश्नानंतर शहराचा एक कचरा-प्रक्रिया प्रकल्प पडेगांवींच आला. ज्या गांवाच्या उकिरड्यांतून पूर्वी खापर मिळे त्याच्या वाट्याला आतां सबंध शहराचा उकिरडा आला, याची खंत वाटते. पण बाटल्यांच्या टोपणांना दाभणानें भोंकें पाडून त्यांचीं चाकें करणाऱ्या पोरांस आमची खंत कळावयाची नाहीं.

मुलींच्या शोधांविषयीं स्वतंत्र लेख पाहिजे. त्यांची भातुकली ही घरकामाची तालीम म्हणून सर्वांनीं गौरविली व म्हणूनच कोणी नीट पाहिली नाहीं. कांखेला धाकटें भावंड घेऊन जे खेळ खेळतां येतात, एका हाताचे सागरगोटे, बांगड्यांच्या तुकड्यांचें काचापाणी, एका पायाची ठिकरी, त्यांची रचना त्या भावंडाच्या ओझ्यानें ठरली आहे, असें आमचें मत होत चाललें आहे. मुलगे दोन्ही हातांनीं दांडू फिरवीत, कारण त्यांचे दोन्ही हात मोकळे होते.

वाचकांस विनंति आहे कीं, आपल्या गांवच्या विटीदांडूच्या मोजणीचे शब्द क्रमानें, पाठभेद न सुधारतां, गांवाच्या व तालुक्याच्या नांवासह मंडळाकडे पाठवावे. विशेषतः नालनंतरचा पांचवा व सहावा शब्द पाहिजे. तेलुगूंतल्या पांचाचा, म्हणजे ऐदूचा, मेळ कोठें बसतो तें त्यावरूनच कळेल.